कथा लिहिणे हेही कामच आहे

आपल्या वस्त्यांमधून लिहिणारी मुले-मुली वाढू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. भीमजयंतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एखादी स्मरणिका निघायची असली की कवितांचा ढीग येतो, पाच-दहा लेख येतात आणि दोन-चार कथाही येतात. कविता आणि लेख छापून होतात. कथांपाशी मात्र गाडी अडते, कारण बहुतेक कथा एकाच साच्यातून निघालेल्या असतात. नायकाचे नाव सिद्धार्थ. तो गरीब पण हुशार. गावचा पाटील त्याचा अपमान करतो. सिद्धार्थ शहरात जाऊन शिकतो, कलेक्टर होऊन परत येतो आणि पाटील हात जोडून उभा राहतो. शेवटी सिद्धार्थ दीड पानाचे भाषण करतो आणि कथा संपते.

यातला विचार वाईट आहे असे कोण म्हणेल? पण वाचून झाल्यावर सिद्धार्थ कसा चालत होता, त्याच्या डब्यात काय होते, त्याला भीती कशाची वाटत होती, यातले काहीच आठवत नाही. म्हणजे कथा लिहिलीच गेली नाही. भाषणाला एक नाव देऊन उभे केले गेले.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते : "कथा लिहिणे ही देणगी आहे, ती शिकून येत नाही." हे खरे नाही. गवंडी आईच्या पोटातून ओळंबा घेऊन येत नाही. तो दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो, मिस्त्रीचा हात पाहतो, चुकलेली वीट काढतो आणि पुन्हा बसवतो. कथेचेही तसेच आहे. अहेरीसारख्या ठिकाणी राहून कोणा लेखकाच्या हाताखाली काम करणार, असा प्रश्न पडेल. पण लेखकाचा हात त्याच्या पुस्तकात दिसतो. तिथे तो पाहता आला पाहिजे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट तरुणपणी मेम्फिस शहरात मजुरी करीत होता. तिथले ग्रंथालय काळ्या माणसाला पुस्तके देत नसे. त्याने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे कार्ड मिळवले, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि आपण निरोप्या आहोत असे दाखवून पुस्तके आणली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक बॉय' या आत्मकथनात त्याने हे सांगितले आहे. त्या चोरून आणलेल्या पुस्तकांनी त्याला लेखक केले. आज आपल्याला वाचनालयाचे दार उघडे आहे. आत जाऊन काय पाहायचे, एवढाच प्रश्न आहे.

अण्णा भाऊंच्या कथेत भाषण कुठे आहे?

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. त्यांची शाळा दीड दिवसाची, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत गिरणीत खपून, चिरागनगरच्या झोपडीत राहून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेल्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पण शिकायला बसायचे असेल तर आधी त्यांची 'स्मशानातील सोनं' ही छोटी कथा घ्यावी.

वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. अंगात हत्तीचे बळ, घरी बायको आणि लाडकी मुलगी. एक दिवस खाण बंद पडते. कामाविना भटकताना त्याला प्रेताच्या राखेत सोने सापडते आणि मग तो रात्री-अपरात्री स्मशाने उकरू लागतो. एका रात्री प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते आणि प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. शेवटी बोटे गमवावी लागतात आणि नेमके तेव्हाच कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत आहे.

आता पहा. ही कथा बेकारीवर आहे. पण बेकारी वाईट, भांडवलदार वाईट, असे भीमा कुठे सांगत बसत नाही. पहारीने डोंगर फोडणारे हात आपण आधी पाहतो, म्हणून शेवटी ती बोटे जातात तेव्हा आपल्याच हाताला कळ येते. लेखकाला जे भाषण करायचे होते ते सगळे त्या बोटांत आले आहे. यातून पहिला धडा घ्यावा : विचार एखाद्या वस्तूत, अवयवात किंवा कामात दिसू द्या. दुसरा धडा असा की माणसाचे काम नीट लिहा. खाणीतला माणूस दगड कसा फोडतो हे ज्याला लिहिता येते, त्याला त्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही.

बागुलांनी लपवलेली गोष्ट

बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेला हादरा बसला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो. राहायला खोली हवी म्हणून जातीबद्दल गप्प राहतो. त्याच्याबरोबरची माणसे त्याला मान देतात, घरी जेवायला नेतात. शेवटी जात कळते आणि त्याच माणसांचा मार त्याच्या अंगावर पडतो.

ही कथा दोनदा वाचावी. पहिल्या खेपेला नुसती वाचावी. दुसऱ्या खेपेला सुतार जसा दुसऱ्याने केलेल्या दाराचे सांधे बोटाने चाचपतो, तशी वाचावी. आपल्याला पहिल्यापासून जे माहीत आहे, ते त्या घरातल्या माणसांना माहीत नाही. त्यामुळे कोणी प्रेमाने ताट वाढले तरी आपला जीव टांगणीला लागतो. कोणाला काय माहीत आहे आणि ते केव्हा कळायचे, हे लेखकाने आधी ठरवले आहे. आपली मुले पहिल्याच ओळीत सगळे सांगून टाकतात आणि मग पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट. या कथेत त्याला मारणारी माणसे राक्षस नाहीत. कालपर्यंत ती प्रेमळ होती, म्हणून तो मार जास्त लागतो. पाटील नुसताच मिशीवर ताव देणारा दाखवला तर वाचकाला त्याची भीती वाटत नाही. पण तोच पाटील आजारी बैलाजवळ रात्रभर जागा असलेला दिसला आणि सकाळी त्यानेच तुम्हाला विहिरीवरून हाकलले, तर वाचकाच्या मनात खिळा बसतो.

वेळ नाही, ही सबब

"आम्हाला पोटापाण्यातून वेळ कुठे?" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या भगिनींकडे पाहावे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता लिहीत होत्या. घरात कोणाला कळू नये म्हणून ते कागद त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले. त्यातूनच १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले.

उर्मिला पवार यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, मुलेबाळे सांभाळली, नोकरीत असतानाच एम.ए. केले आणि 'सहावं बोट', 'चौथी भिंत' हे कथासंग्रह दिले. वडील लवकर वारल्यावर त्यांच्या आईने बांबूची आयदाने, म्हणजे टोपल्या-सुपे, विणून मुलांना शिकवले. २००३ साली आलेल्या आत्मकथनाला त्यांनी 'आयदान' हेच नाव दिले, कारण आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे असे त्यांना वाटते. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात बांबूचे काम कोणाला नवीन आहे? कामटी सारख्या जाडीची निघाली नाही तर टोपली वाकडी होते आणि विणकर ती उसवतो. लेखकानेही वाकडे वाक्य उसवायला लाजू नये.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून, म्हणून मला हिशेबाची उपमा सुचते. हिशेबात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. रोजकीर्द त्याच दिवशी लिहायची असते. आठ दिवसांनी आठवून लिहिली तर रकमा चुकतात. लिहिणाऱ्याने एक साधी वही ठेवावी आणि रोज रात्री चार ओळींची नोंद करावी. मग मोबाइलवर लिहिली तरी हरकत नाही. बसस्टँडवर म्हातारी कंडक्टरला काय म्हणाली, तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे मोजून घेताना कोणाचे किती पुडे बाद झाले आणि तेव्हा त्या बाईने पदर कसा खोचला, एवढेच लिहावे. ही झाली रोजकीर्द. मग सुटीच्या दिवशी त्या नोंदींतून एकाच माणसाच्या खात्यावर काय काय पडते ते पाहावे. कथा त्या खतावणीतून निघते.

मात्र एका बाबतीत हिशेब विसरावा. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळलाच पाहिजे, पण कथेचा जुळलाच पाहिजे असे नाही. भीमाची बोटे परत येत नाहीत. दुष्टाला शिक्षा आणि सुष्टाला बक्षीस देऊन बेरीज जुळवण्याचा मोह टाळावा.

आपली बोली, आपले घर

अण्णा भाऊंची माणसे वारणेकाठचे बोलतात, उर्मिलाताईंची कोकणातले बोलतात. मग आलापल्लीचा लाकूडतोड्या पुण्याच्या प्राध्यापकासारखा का बोलतो? प्राणहितेच्या या काठावर मराठी, गोंडी आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. थोडे वर गेले की झाडीबोली सुरू होते. ही श्रीमंती आहे. निवेदन सोप्या मराठीत ठेवावे, पण माणसाच्या तोंडची भाषा त्याचीच असू द्यावी. झाडीपट्टीच्या नाटकाला दिवाळीनंतर रात्र-रात्र लोक बसतात, ते काय उगीच? तिथे प्रेक्षक कुठे हसतो, कुठे गप्प होतो आणि कुठे चहाला उठतो हे पाहिले तरी बरेच शिकता येईल.

घरातही हा प्रयोग करावा. लिहिलेली कथा आईला वाचून दाखवा. ती मध्येच उठून चुलीकडे गेली तर तिथे खूण करा, नेमके त्याच ठिकाणी काम बाकी आहे. मग कथा दुसऱ्यांदा लिहा, तिसऱ्यांदा लिहा.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्या घरातले दारूचे व्यसन, बाईवर पडणारा हात, आपसातला हेवा हे लिहावे का? १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या लोकांनी घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून नाके मुरडली होती. पण ते पुस्तक टिकले. बेबीताईंनीही आपल्या बायांचा घरातला छळ लपवला नाही. जे खरे आहे ते लिहावे. फक्त एक पथ्य पाळावे. लहान गावात कोण कोणाबद्दल लिहितो हे लगेच कळते. म्हणून नाव बदला, व्यवसाय बदला, दोन माणसांचे एक करा. शेजारणीची बेअब्रू करून कथा मोठी होत नाही, आणि सूड उगवायला तर कथा कधीच लिहू नये.

घाई का करायची

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा घेणारे हजारो लोक आपल्याच भागातले होते. त्यांत तुमच्या घरातून कोण गेले होते? कशाने गेले, पायी की बैलगाडीने? वाटेत भाकरी कशाशी खाल्ली? परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव काढताना आजीचा हात थरथरला का? इतिहासाच्या पुस्तकात तारीख मिळेल, आकडा मिळेल. आजीचा हात मिळणार नाही. तो कथेतच येऊ शकतो, आणि ज्यांनी तो प्रसंग पाहिला ती माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

म्हणून आई-वडिलांना हात जोडून विनंती आहे. घरात मुलगा किंवा मुलगी काही लिहीत बसली असेल तर "रिकामे धंदे" म्हणू नका. विशेषतः मुलगी लिहीत असेल तर तेवढा वेळ भांडी दुसऱ्या कोणाला घासू द्या. बेबीताईंना कागद लपवावे लागले, आपल्या लेकींना ते लपवावे लागू नयेत. आणि लिहिणाऱ्यांनो, येत्या जयंतीच्या स्मरणिकेला एकच कथा द्या, पण ती तीनदा लिहिलेली द्या. सिद्धार्थला कलेक्टर करायचे असेल तर खुशाल करा. पण तो पहिल्या दिवशी कचेरीत निघाला तेव्हा त्याच्या पायात काय होते, ते आधी आम्हाला दाखवा.

जय भीम!