तांडेल इंजिन बंद करतो तेव्हा

होडीतून हंपबॅक देवमासा बघायचा तर माणसं आइसलंडच्या हुसाविकला किंवा नॉर्वेच्या ट्रोम्सोला जातात. मिरजेच्या माणसाने ही हौस धरली तर व्हिसा, विमान आणि लोकरीचे कपडे यांचा हिशेब मांडतानाच ती निम्मी फिटते. पण कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाट उतरलं की दोनशेएक किलोमीटरवर मालवण-देवबाग येतं. तिथे पाठीवर कुबड असलेला एक प्राणी होडीतून बघता येतो. तो देवमासा नव्हे, डॉल्फिन. पण जातीच्या नावात हंपबॅक त्याच्याही आहे. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. खरा हंपबॅक देवमासाही आपल्या किनाऱ्यासमोरून जातो, फक्त तो सहसा कुणाला दिसत नाही. त्याच्याकडे नंतर वळू.

आधी वेळ कुठली ते बघू. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. मे संपत आला की त्या वर ओढून झाकून ठेवतात आणि सप्टेंबरपासून पुन्हा पाण्यात उतरवतात. सप्टेंबरात नद्यांचं गढूळ पाणी अजून समुद्रात पसरलेलं असतं आणि लाटाही पूर्ण निवलेल्या नसतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत नेमकी गर्दी उसळते, तेव्हा जमलं तर मधला एखादा साधा आठवडा धरा.

दिवसातली वेळ महिन्याहूनही महत्त्वाची, आणि ती वारा ठरवतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहत असतो. शाळेच्या भूगोलातला मतलई वारा तो हाच. किनाऱ्यालगतचं पाणी तेव्हा जवळजवळ सपाट असतं. ऊन चढलं की जमीन तापते, वारा उलटतो आणि दुपारकडे समुद्रावर पांढरे तुरे उठू लागतात. गाद्याच्या पाठीवरचा पर जेमतेम वीतभर उंच दिसतो. हजार तुऱ्यांमध्ये तो एक पर ओळखणं नवख्याला अशक्यच. न्याहारी निवांत करून दहाला धक्क्यावर येणारे पर्यटक पुढे डॉल्फिन दिसला नाही म्हणून तांडेलाशी, म्हणजे होडीवाल्याशी, भांडतात. त्यांचा दिवस खरं तर सकाळी सातलाच हुकलेला असतो.

भरती-ओहोटीचा हिशेब सोबत धरावा. कोकणात त्याची जुनी ढोबळ रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. देवबागला हे विशेष पाहावं लागतं, कारण तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. पूर्ण ओहोटीला त्यावर लाटा फुटतात आणि होडी बाहेर काढताना चांगलेच हिसके बसतात. तांडेल ‘जरा थांबूया’ म्हणाला तर थांबावं. त्याला आळस आलेला नसतो.

पण गादा नेमका या मुखाशीच का येतो? सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं पाणी थोड्याशा अंतरात समुद्राला मिळतं आणि सोबत गाळ, पालापाचोळा, अन्नद्रव्यं आणतं. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे बोय, तारली, ढोम्यासारखे मासे येतात आणि त्या माशांमागे गादा. (घाटाच्या आपल्या बाजूला पडलेला पाऊस मात्र कृष्णेतून जातो आणि थेट आंध्रच्या किनाऱ्याला लागतो, कोकणातल्या डॉल्फिनला त्याचा काही उपयोग नाही.) हा प्राणी सहसा वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात जात नाही. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी हेच त्याचं घर. म्हणून तो हमखास भेटतो. आणि म्हणूनच तो संकटात आहे, कारण जाळी, बंदरं, सांडपाणी आणि पर्यटकांच्या होड्या सगळ्यांची गर्दी याच पट्टीत. जगभरच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

होडी बहुधा फायबरची असते, मागे बाहेरून लावलेलं इंजिन. चढण्याआधी पोटात थोडं काहीतरी असावं. घावणे-चटणी चालेल, मिसळ नको. होडी लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. लाइफ जॅकेटचे बंद खरोखर बांधावेत. दुर्बीण न्यायची तर सात किंवा आठ पटीची न्यावी. त्याहून मोठी दुर्बीण हलत्या होडीत नुसती नाचते.

आता शोधायचं कसं ते. नवखा माणूस जवळच्या पाण्याकडे बघत बसतो. तांडेल आधी आकाशाकडे बघतो. कुरव आणि सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालत पाण्यात सुळकी मारत असतील, तर खाली माशांचा थवा आहे आणि थव्याखाली गादा असण्याची शक्यता आहे. पक्षी नसतील तर पाण्याचा एकेक पट्टा संथपणे डावीकडून उजवीकडे न्याहाळायचा. दिसलं की नुसतं ‘तिकडे, तिकडे’ असं ओरडून काही होत नाही. हुसाविकच्या होड्यांवर यासाठी घड्याळ वापरतात: होडीचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागची बाजू सहा. वाटाड्याने ‘दोन वाजता’ म्हटलं की सगळ्यांच्या माना एकदम वळतात. आपल्या होडीतही घरच्यांना निघण्याआधी हे सांगून ठेवावं. पोरं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

गादा वर येतो तेव्हा आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग डोकं, मग पाठ कमानीसारखी वाकते आणि लांबट कुबड व त्याच्या टोकावरचा छोटा पर दिसतो. रंग शिशासारखा करडा, पिल्लाचा जरा फिका. पूर्ण वाढलेला प्राणी अडीच मीटरच्या आसपास. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आटपतं. चित्रपटातल्यासारख्या उड्यांची अपेक्षा ठेवू नये. डॉल्फिनच्या काही जाती होडीच्या नाकापुढच्या लाटेवर खेळत येतात, पण ही जात तशी नाही. होडी अंगावर आली की ती बाजूला होते, बुडी मारते आणि दूर कुठेतरी वर येते.

खरं कसब इथे लागतं. पाठ दिसली की पर्यटक ‘घ्या, घ्या, जवळ घ्या’ म्हणतात आणि चांगले तांडेलही त्या दडपणाखाली इंजिन रेटतात. मग दुसरी होडी येते, तिसरी येते, आणि चार प्राण्यांभोवती होड्यांची शर्यत लागते. गादा पाण्याखाली मासा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त शोधतो. तो टकटक असा आवाज सोडतो आणि त्याचा परतून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. शेजारी इंजिन घरघरत असलं की त्याची शिकारच बंद पडते, आणि सोबत पिल्लू असेल तर त्याचीही आबाळ.

याउलट जाणता तांडेल लांबूनच वेग कमी करतो. प्राणी कुठल्या दिशेला सरकतायत ते दोन-तीन श्वासांत ओळखतो, त्यांच्या वाटेवर आडवा न जाता बाजूने समांतर राहतो आणि पन्नासएक मीटरवर इंजिन बंद करतो. मग पाण्याची चुळबुळ ऐकू येते आणि थोड्या वेळाने ‘फुस्स’ असा श्वासाचा आवाज येतो, बऱ्याचदा जिकडे कुणी बघत नव्हतं तिकडून. प्राणी अनेकदा आपणहून जवळ येतात. पंधरा-वीस मिनिटं बघून निघावं. ‘डॉल्फिन दाखवणारच’ अशी हमी देणाऱ्याची होडी मी टाळेन. ती हमी पाळायला त्याला पाठलाग करावाच लागतो.

उत्तरेकडे, हुसाविक-ट्रोम्सोला, हेच सगळं मोठ्या मापाने चालतं. हंपबॅक देवमासा तेरा ते सोळा मीटर लांब, वजन तीस टनांच्या घरात, आणि त्याचा एकेक वल्ह्यासारखा पर शरीराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका. उन्हाळ्यात हे देवमासे थंड पाण्यात हेरिंग आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातात, कधी माशांभोवती बुडबुड्यांचं कडं करून त्यांना एका जागी कोंडतात. मग वीण आणि पिल्लं यांसाठी हजारो किलोमीटर पोहून उबदार समुद्रात जातात. तिथे त्यांना खायला फारसं काही मिळत नाही, सगळी भिस्त साठवलेल्या चरबीवर. होडीवरून आधी दिसतो तो श्वासाचा दोन-तीन मीटर उंच फवारा. असे काही श्वास घेतले की पाठ उंच वाकते आणि शेपटी हवेत उभी राहते. शेपटी बुडाली की जाणकार कॅमेरा खाली ठेवतात, कारण आता पाच-दहा मिनिटं काही दिसणार नाही. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. त्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखला जातो. आपल्या गाद्याच्या बाबतीत हेच काम पराच्या कडेवरचे खाच-खळगे करतात. कोकण सेटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी २०१४ नंतर सिंधुदुर्गाच्या समुद्रात अशा फोटोंवर काम केलं. २०१५ साली कुणकेश्वरजवळ त्यांना निळे देवमासेही दिसले होते.

अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र जगातल्या आपल्या भाईबंदांसारखा वागत नाही. तो लांबचं स्थलांतर करत नाही. कारण आपला मोसमी वारा. नैर्ऋत्येचा वारा ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी दूर लोटतो, खालचं थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि तिथे माशांची चंगळ होते. खाणं आणि वीण दोन्ही एकाच समुद्रात भागत असेल तर ध्रुवाकडे जायचं कशाला? जनुकांच्या अभ्यासानुसार हा कळप सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा पडला आहे. ओमानजवळच्या गणनेत त्यांची संख्या शंभराच्या आत भरली. शिकारही आड आली: १९६५-६६च्या सुमाराला सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. एवढ्या छोट्या कळपाला तो घाव अजून भरून काढता आलेला नाही.

२०१७च्या नोव्हेंबरात ओमानजवळ लुबान नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं गेलं. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. असा प्रवास पहिल्यांदाच नोंदवला गेला.

हंपबॅकचे नर गातात. एका समुद्रातले सगळे नर साधारण एकच गाणं गातात, आणि अरबी समुद्राचं गाणं दक्षिणेकडच्या हिंदी महासागराहून निराळं, म्हणजे घराणंच वेगळं. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली या गाण्याची रचना जगापुढे मांडली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हंपबॅकचा आवाज आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या, आणि खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. तेव्हा देवमाशाशी मिरजेचा अगदीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणं, पकडणं गुन्हा आहे. जाळ्यात अडकलेला असा प्राणी जाळं कापून सोडला तर राज्य सरकार मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते, कारण जाळ्याचा खर्च कोण सोसणार हाच तिथे खरा प्रश्न असतो.

देवबाग, निवती किंवा भोगव्याला जाल तेव्हा दोन सकाळी हाताशी ठेवा आणि होडीत चढण्याआधी तांडेलाला एवढंच सांगा, ‘दादा, लांबूनच दाखवा, इंजिन बंद करा, आम्हाला घाई नाही.’ खोल पाण्याच्या बाजूला उंच फवारा दिसला तर वेळ लिहून ठेवा, फोनवर जागेची खूण करा, आणि शेपटी वर आली तर तिच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या. तो कापू नका, सजवू नका. भारताच्या सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांचं संकेतस्थळ आहे, तिथे सामान्य माणसाची नोंदही घेतात; ती जरूर पाठवा. आणि किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन किंवा देवमासा अडकलेला सापडला तर त्याला ओढू नका, श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका, अंग ओल्या कापडाने थंड ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.