गाडीचे कूलंट जाते तरी कुठे?

हिमायतनगरहून नांदेड गाठायचे म्हणजे भोकरमार्गे लांबचा पल्ला. मोठा दवाखाना, कोर्टाचे काम, मुलांचे कॉलेज, निकाहचा बस्ता, अशा प्रत्येक कामाला गाडी लागते. बऱ्याच घरांत ही गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली असते. तिची एक तक्रार जवळजवळ ठरलेली. "कूलंट कमी होते, पण गळताना दिसत नाही." मग डिकीत पाण्याची बाटली ठेवली जाते, आठ-दहा दिवसांनी थोडे पाणी टाकले जाते आणि गाडी चालत राहते. एखाद्या मे महिन्याच्या दुपारी, मागच्या सीटवर आजारी माणूस असताना, टेम्परेचरचा काटा वर जातो. तेव्हा कळते की वरून पाणी टाकल्याने दुखणे बरे झाले नव्हते, फक्त झाकले गेले होते.

कूलंट आपोआप संपत नाही. पेट्रोल जळते, कूलंट जळत नाही. ते बंद नळ्यांतून फिरते, इंजिनची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये सोडते आणि परत येते. ते पुन्हापुन्हा कमी होत असेल तर कुठेतरी वाट फुटलेली आहे, हे नक्की समजावे.

गळती दिसत का नाही?

थोडा हिशेब करू. साधारण २० थेंबांचे १ मिलिलीटर होते. मिनिटाला एकच थेंब गळला तरी २४ तासांत १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलीटर जातात. आठवड्याला अर्धा लिटर. लहान मोटारीत एकूण कूलंट चार-सहा लिटरच असते. आणि हा थेंब जमिनीवर पडेलच असे नाही. तो तापलेल्या इंजिनवर पडला तर लगेच वाफ होऊन उडून जातो. खाली जमीन कोरडीच राहते.

दुसरे कारण स्वयंपाकघरातले आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण हेच काम करते. बहुतेक मोटारींच्या झाकणावर ०.९ ते १.४ च्या आसपास दाबाचा आकडा छापलेला असतो. गाडी तापली की आत दाब चढतो आणि बारीक चिरेतून कूलंट बाहेर ढकलले जाते. गाडी थंड झाली की दाब उतरतो आणि गळती थांबते. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निघून जाते, तसेच झाकणाचे रबर कडक झाले की नळ्या धडधाकट असूनही कूलंट कमी होते.

काही गळत्या याच्या उलट वागतात. थंडीच्या पहाटे रबरी होज पाइप आणि धातूची नळी आकसतात, सांधा ढिला होतो आणि दोन थेंब पडतात. इंजिन तापले की सांधा फुगून बंद होतो. दुपारी मिस्त्रीला दाखवावे तर तिथे काहीच नसते.

आधी वही, मग पाना

पहिले काम घरीच करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी लावा. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या बाटलीवर पातळीशी मार्करने रेघ मारा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरा. हे दहा-पंधरा दिवस करा. घरातली शाळकरी मुले हे काम आनंदाने करतात. गरम इंजिनची पातळी मोजू नका. तापल्यावर कूलंट फुगते आणि रेघ फसवते.

पुठ्ठ्यावर डाग पडला तर तो कशाचा, हे पाहा. उन्हाळ्यात एसी लावल्यावर पडणारे पाणी साधे, बिनरंगाचे, बिनवासाचे असते. तो दोष नाही. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे, बोटाला किंचित चिकट आणि गोडसर वासाचे असते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असते आणि बाटली वेगळी. अशा गाडीत झाकण खराब असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. म्हणून थंड गाडीचे झाकण उघडून आतही पाहावे.

डाग कुठे शोधावेत?

उडून गेलेले कूलंट मागे खूण ठेवते. पांढरी, हिरवी किंवा गुलाबी वाळलेली पापडी शोधा. होज पाइपच्या क्लिपजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या घराभोवती आणि बाटलीच्या तळाच्या बारीक चिरेवर बॅटरी मारून पाहा. वॉटर पंपाला खाली एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की तिथून ओघळ येतो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असल्याने तो सहज दिसत नाही.

हीटरची जाळी डॅशबोर्डच्या आत असते. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, पण बऱ्याच गाड्यांत कूलंट त्या जाळीतून सतत फिरत असते. पुढच्या सीटच्या पायाखालचे कारपेट चिकट ओले असेल, आत गोडसर वास येत असेल किंवा समोरच्या काचेवर तेलकट धुके बसत असेल, तर संशय इथेच घ्यावा.

मिस्त्रीकडे काय मागावे?

नुसते "पाणी कमी होते" म्हणू नका, वही दाखवा. मग प्रेशर टेस्ट करायला सांगा. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेला दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला आणि थेंब दिसला, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळे कोरडे, तर कूलंट हीटरमध्ये किंवा इंजिनच्या आत जात आहे. झाकणही त्याच पंपावर वेगळे तपासता येते.

यातूनही सापडले नाही, तर कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून काही दिवस गाडी चालवतात आणि अंधारात जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चने पाहतात. गळतीची जागा उजळून दिसते.

सर्वांत शेवटी हेड गॅस्केट, ज्याला गॅरेजमध्ये हेड पॅकिंग म्हणतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल, चालू इंजिनवर बाटलीत सतत येणारे बुडबुडे, ही त्याची लक्षणे. तरीही हेड उघडण्याआधी रसायनाची चाचणी करून घ्यावी. कूलंटच्या वर साचलेली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. जळालेला वायू त्यात असेल तर द्रावण पिवळे होते. एखाद्या स्वस्त क्लिपसाठी हेड उतरवले जाऊ नये, हा या सगळ्या क्रमाचा हेतू आहे.

बोअरचे पाणी नको

आपल्या भागात अनेक बोअरचे पाणी क्षाराचे असते. पातेल्यात पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात. रोज पाणी ओतत गेलो की ती पातळ होतात, ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि नवी छिद्रे पडतात. म्हणजे झाकलेली गळती दुसऱ्या गळतीला जन्म देते. भरायचेच तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरावे. हळद, अंडे किंवा गळती बुजवणारी पूड टाकली तर छिद्राबरोबर हीटरच्या नळ्याही तुंबू शकतात.

जिवाची काळजी

काटा वर गेला तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतले कूलंट उकळत अंगावर उडते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. वरचा होज पाइप हातात धरता येईल इतका थंड होईपर्यंत थांबा.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते ठेवू नका, सांडलेले लगेच पुसा, गटारात ओतू नका. मुलाने चुकून प्यायले आणि ते ठीक दिसत असले, तरी तडक दवाखान्यात न्या. मूत्रपिंडावरचा परिणाम उशिरा दिसतो.

दुरुस्ती झाल्यावर वही लगेच बंद करू नका. नवी रेघ मारून आणखी एक महिना नोंद ठेवा. रेघ तिथेच राहिली तर डिकीतली पाण्याची बाटली काढून टाकायला हरकत नाही.