मेंदू सावरतो, अंग मागे राहतं

"आता वय झालं त्यांचं, काय सुधारणार?"

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्थेच्या किंवा नांदेडजवळ विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात थोडा वेळ बसा. लकवा मारलेल्या माणसाबरोबर आलेल्या कुणा ना कुणाच्या तोंडून हे वाक्य निघतंच. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, काळजी असते. पण त्या एका वाक्यात पुढच्या कितीतरी वर्षांचा निकाल लागून गेलेला असतो. पंचेचाळिशीच्या मुलाच्या वाट्याला व्यायाम येतो आणि पंचाहत्तरीच्या बापाच्या वाट्याला बाज.

या वाक्यात तथ्य किती, हे डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी नेटकेपणाने मोजलं होतं. कोपनहेगनमधल्या ५१५ रुग्णांचा तो अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन मोजपट्ट्या वेगवेगळ्या लावल्या. पहिली मज्जासंस्थेची: हातापायात ताकद किती, बोलता येतं का, शुद्ध कशी आहे. दुसरी रोजच्या जगण्याची: घास तोंडात घालता येतो का, अंघोळ, संडास, कपडे, जिना. पहिल्या पट्टीवर वयाचा स्वतंत्र असा परिणाम दिसलाच नाही. दुसऱ्या पट्टीवर मात्र तो स्पष्ट दिसला. मज्जासंस्था सावरण्यात म्हातारी माणसं मागे नव्हती. आलेल्या उणिवेवर मात करून काम भागवण्यात ती मागे पडत होती.

हे वाचून मी थक्क झाले. आपण सगळा दोष म्हाताऱ्या मेंदूच्या माथी मारत आलो, आणि मोजमाप तर बोट दाखवत होतं भलतीकडेच.

आधी मेंदूत काय घडतं ते पाहू. रक्तवाहिनी तुंबली की साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात म्हणून आपण त्यातूनही वाचतो. मेलेल्या भागाच्या कडेने एक उपाशी, अर्धमेला पट्टा उरतो. तो वाचवण्यासाठीच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून किनवट-माहूरकडून नांदेडला किंवा देवणी-जळकोटकडून लातूरला निघायला झालेला उशीर इतका महाग पडतो. शिवाय मेंदूचे काही दूरचे भाग, ज्यांना प्रत्यक्ष इजा झालेलीच नसते, तेही गप्प होऊन बसतात. त्यांना रोज निरोप पाठवणारा शेजारी गेलेला असतो. ही गोष्ट कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह या मेंदूतज्ज्ञाने १९१४ मध्येच मांडली होती.

पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरते, गप्प झालेले भाग हळूहळू बोलू लागतात आणि लुळा पडलेला पाय एक दिवस हलतो. घरात आनंदीआनंद! नेमक्या याच दिवसांत कुणी गावठी औषध दिलेलं असतं, कुणी कबुतराचं रक्त चोळलेलं असतं, आणि सगळं श्रेय तिकडे जातं. खरी करामत कवटीच्या आत चाललेली असते. जिवंत पेशींना नवे फाटे फुटत असतात, निजलेल्या जुन्या जोडण्या जाग्या होत असतात. पहिल्या तीन महिन्यांत हे काम सगळ्यांत जोरात चालतं आणि सत्तरीतही चालतं. वयस्कर मेंदूची तर एक वेगळीच तऱ्हा आहे. तरुण माणूस जे काम मुख्यतः मेंदूच्या एका अर्ध्यावर भागवतो, त्याच कामाला अनेक म्हातारी माणसं दोन्ही अर्धे जुंपतात, असं मेंदूच्या प्रतिमांत दिसलं आहे.

पेद्रो बाख-इ-रिता यांची हकीकत इथे सांगायलाच हवी. ते मूळचे कॅटलान, कवी आणि न्यूयॉर्कमधले प्राध्यापक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, ६५ व्या वर्षी त्यांना मोठा झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हाच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. वैद्यकीय शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज त्यांना घरी घेऊन गेला आणि तान्ह्या पोराला शिकवावं तसं रांगायला शिकवू लागला. लुळा खांदा भिंतीला टेकवून रांगायचं. जमिनीवरच्या गोट्या अधू हाताने उचलायच्या. त्याच हाताने भांडी घासायची, आधी एका दिशेने गोल गोल, मग उलट दिशेने. सुधारणेला महिने लागले. पण प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले, डोंगर चढू लागले, आणि काही वर्षांनी कोलंबियातल्या डोंगरांत हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूकडून मणक्याकडे उतरणाऱ्या मुख्य मज्जातंतूंच्या जुडग्याचा जवळजवळ सगळा भाग नष्ट झालेला होता. जखम भरून आलीच नव्हती. उरलेल्या मूठभर तंतूंवर तो माणूस चालला, बोलला, डोंगर चढला.

मग वय आडवं येतं कुठे?

आपल्याकडची साधी ज्वारीची भाकरी घ्या. सत्तरीच्या बाईचा उजवा हात गेलेला आहे. परातीत पीठ मळलेलं आहे. ती उजवा हात उंड्यावर ठेवते, पण बोटं आत वळतात, तळवा उघडत नाही, मनगट खाली लोंबतं. थापायला जावं तर दंडाचं वजन खांद्यालाच ओढून दुखवतं. पस्तिशीची बाई अशा वेळी डाव्या हाताने थापेल, परात गुडघ्याने रेटून धरेल, कमरेतून झुकेल. या बाईचा डावा खांदा आधीच आखडलेला, गुडघे झिजलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यात साखर आणि रक्तदाब. उजव्या हाताची उणीव भरून काढायला जे शिल्लक लागतं, ते वयाने आधीच खर्चून टाकलेलं असतं. कोपनहेगनच्या दुसऱ्या पट्टीवर दिसलं ते हेच.

आणि उरलंसुरलं आपण बाजेवर घालवतो. निरोगी ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले, असं २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. ना लकवा, ना ताप, फक्त आराम! "त्यांना पडू द्या, शिणवू नका" असं म्हणत आपण महिनोन्महिने काय करतो, याचा हिशेब मला बेचैन करतो. पहिल्याच दिवशी ओढून उभं करण्याचीही घाई नको. चोवीस तासांच्या आत सुरू केलेली फार जोराची हालचाल नुकसान करते, हे २०१५ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आहे. कधी उठवायचं ते डॉक्टर सांगतील. त्यांनी सांगितल्यावर मात्र बाज सुटायला हवी.

वयाच्या दुसऱ्या टोकाला तर नवल आणखी वाढतं. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसलेली मुलं मोठी झाली की सहसा छान बोलतात. त्यांची भाषा उजव्या अर्ध्यात, आरशात दिसावी तशी नेमक्या समोरच्या जागी जाऊन बसलेली आढळते. प्रौढ माणसाला हे असं साधत नाही. पण त्याच मुलांचा उजवा हात अनेकदा जन्मभर अधू राहतो. म्हणजे भाषेने घर बदललं, हाताला मात्र ते जमलं नाही. वय जितकं कमी तितकं बरं, असा सरळ नियम इथेही टिकत नाही.

तरुणपणी येणारा एक झटका आपल्या भागातल्या घराघरांना ठाऊक असायला हवा. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. बाळंतिणीला पाणी बेताचंच द्यायचं, ही रीत काही घरांत अजून आहे, आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्त गोठण्याचा धोका वाढतो. डोकं असह्य दुखतं, आकडी येते, एक बाजू लुळी पडते, आणि घरचे बाहेरची बाधा शोधत बसतात. मेंदूच्या शिरांतल्या गुठळीच्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पाचांतले सुमारे चार जण जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. इतक्या बऱ्या होणाऱ्या दुखण्यात एखादी बाळंतीण केवळ उशिरामुळे जावी, यासारखं दुःख नाही. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, दुसरं काही नाही.

सहा महिने उलटले की दोन पिढ्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तरुण रुग्ण मिळवलेलं बहुधा टिकवतो. त्याची झुंज कामावर परतण्याशी, लवकर येणाऱ्या थकव्याशी आणि अडखळणाऱ्या शब्दांशी असते. म्हाताऱ्या रुग्णाचं मिळवलेलं निसटू लागतं. तो एकदा पडतो, पडण्याची धास्ती बसते, चालणं कमी होतं, मन खचतं. मेंदूला झालेली इजा तेवढीच असते, तरी माणूस मागे मागे जातो. आणि बहुतेक घरांत फिजिओथेरपी बंद होते ती याच सुमाराला. बाहेरगावाहून लातूरला रोज यायचं तर एसटीचं भाडं आणि बरोबर येणाऱ्याची बुडालेली मजुरी, दोन्ही जातात. घरच्यांना थोडं शिकवून हे काम त्यांच्यावरच सोपवता येईल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला: ज्यांच्या घरच्यांना शिकवलं ते रुग्ण आणि ज्यांच्या घरच्यांना शिकवलं नाही ते, यांच्यात सहा महिन्यांनी काहीच फरक नव्हता. घरच्यांचे हात हवेतच, पण जाणत्या हाताची जागा ते घेऊ शकत नाहीत.

उशीर झाला म्हणून सगळं संपतं असंही नाही. २००६ च्या एका अमेरिकी चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ जणांना घेतलं होतं. बऱ्याच जणांनी साठी ओलांडलेली. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा चढवला आणि सगळी कामं अधू हाताकडून करून घेतली. मुख्य अट ही होती, की त्या हाताचं मनगट आणि बोटं थोडी तरी उघडायला हवीत. वर्षानंतरही त्या गटाचा अधू हात इतरांपेक्षा जास्त काम करत होता. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला जाल तेव्हा फिजिओथेरपिस्टना एवढं जरूर विचारा: बोटं किती उघडतात, आणि त्या हाताला आता घरातलं कोणतं काम द्यायचं. पीठ मळणं, तुरीच्या शेंगा सोलणं, लुगड्याची घडी घालणं, सदऱ्याची गुंडी लावणं, यातलं एक तरी काम त्या हाताला नक्की देता येईल.