शेजाऱ्याला पत्र, तेही टपालानं!

चाळीत वाटीभर साखर हवी असली तर बायका काय करीत? गॅलरीतून शेजारच्या दारात डोकावायचं, वाटी पुढं करायची, काम झालं. समजा एखादीनं त्यासाठी पत्र लिहिलं, ते पाकिटात घातलं, त्यावर स्वतःचा नि शेजारणीचा पत्ता घातला, तिकीट चिकटवलं आणि पाकीट नाक्यावरच्या पेटीत टाकलं. पोस्टात त्यावर शिक्का पडला, वर्गवारी झाली, आणि पोस्टमन तेच पाकीट घेऊन त्याच जिन्यानं त्याच मजल्यावर आला, तर सगळी चाळ हसली असती. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण अशाच कोणाकडं पाहून निघाली असावी.

गंमत अशी, की आपले पैसे, रेल्वेची तिकिटं आणि औषधांच्या मागण्या आज ज्या यंत्रांवर चालतात, ती यंत्रं सेकंदाला हजारो वेळा नेमकं हेच करतात. एकाच यंत्रात शेजारी-शेजारी नांदणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात, तेव्हा तो पुष्कळदा पाकिटात बंद होतो, त्यावर पत्ता पडतो आणि यंत्राच्या ‘टपालखात्या’तून वळसा घालून तो शेजाऱ्याला मिळतो. हा वळसा कसा टाळायचा, यावर संगणकशास्त्रातली हुशार माणसं कित्येक दशकं डोकं लढवत आली आहेत. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, आणि तो फक्त त्यांचाही नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून गेलात तर काही अवाढव्य, गप्प इमारती दिसतात. ही डेटा सेंटरं. आत कपाटांच्या रांगा, कपाटांत सर्व्हर, आणि सगळ्यांना थंड ठेवायला सतत चाललेली यंत्रणा. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्याच्या गाडीवरचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद आपण मोबाइलनं टिपतो, तेव्हा पडद्याआड असल्या इमारतींतले कितीतरी प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात. एक ओळख तपासतो, दुसरा शिल्लक पाहतो, तिसरा लबाडीचा वास येतो का हुंगतो, चौथा नोंद करतो.

हे सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये का नाही बसवत? पूर्वी तसंच करीत. पण मोठ्या प्रोग्रॅमचा एक कोपरा बिघडला की सगळा डोलारा बसतो, आणि शंभर माणसांना एकाच वहीत एकाच वेळी लिहिता येत नाही. म्हणून कामाचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा वेगळ्या चमूकडं दिला. तुकडे वाढले तशी त्यांची आपसांतली बोलणीही वाढली.

शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमभोवती भिंत असते. त्याची स्मृती त्याचीच. दुसऱ्यानं तिच्यात डोकावायचं नाही, हात घालायचा तर मुळीच नाही. या भिंती सांभाळणारा रखवालदार म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला ‘कर्नल’ म्हणतात. निरोप द्यायचा तर तो या रखवालदाराच्या हाती द्यायचा. तो त्याची एक नक्कल स्वतःकडं उतरवून घेतो आणि दुसरी नक्कल पलीकडच्याला देतो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात सुचवलं होतं, की बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय केली. तिचं नावही ‘पाइप’च पडलं. पुढं जाळ्यांचं युग आलं आणि दूरच्या यंत्राशी बोलण्याचे नियम ठरले. ते इतके सर्रास झाले, की शेजाऱ्याशीही त्याच रीतीनं बोलणं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोयीचं वाटू लागलं. १२७.०.०.१ हा पत्ता संगणकवाल्यांना पाठ असतो. त्याचा अर्थ ‘मीच, इथंच’. त्या पत्त्यावरचं पाकीट यंत्राबाहेर जात नाही, पण पाकिटाचे बरेचसे सोपस्कार मात्र होतात.

मी बँकेत होतो तेव्हा काउंटरपलीकडचं जग असंच चाले. ग्राहकानं पैसे काढायची स्लिप दिली की तिचा प्रवास सुरू होई. लेजरवाला नोंद करी, मग स्लिप ट्रेमध्ये, शिपाई ती अधिकाऱ्याकडं नेई, अधिकारी सही ताडून पाही, पुन्हा ट्रे, मग कॅशियर, आणि मग टोकनचा पुकारा. हिशेब केलात तर प्रत्यक्ष लिहिण्या-तपासण्याला मोजकी मिनिटं लागत. बाकीचा वेळ ट्रेमध्ये जाई. ग्राहक मात्र म्हणे, ‘लोक काम करीत नाहीत!’

यंत्रातल्या ट्रेचा हिशेब अगदी बारीक असतो. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत तारेचे सुमारे तीस सेंटिमीटरचे तुकडे वाटत. सेकंदाच्या एक अब्जांशाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्यात प्रकाश फार तर एवढंच अंतर जाऊ शकतो, हे त्यांना दाखवायचं असे. सर्व्हरला मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तेच शेजारच्या प्रोग्रॅमला रखवालदारामार्फत निरोप द्यायचा तर काही हजार नॅनोसेकंद सहज जातात.

यात बिघडलं काय? एक तर वीज. गूगलच्या डेटा सेंटरांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोप बांधणं-सोडणं, पाठवणं, नकला करणं, दाबून लहान करणं अशा कामांना त्यात ‘डेटा सेंटरचा कर’ म्हटलं होतं, आणि हा कर यंत्रांच्या एकूण राबण्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास निघाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. तेव्हा हा वळसा कोणाच्या तरी वीजबिलात पडतोच.

दुसरं म्हणजे उशीर. जेफ डीन आणि लुइझ बारोझो यांनी २०१३ मध्ये एक साधा हिशेब मांडला. एखादा सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळतो असं समजा. पण एका मागणीला अशा शंभर सर्व्हरांकडून उत्तर हवं असेल, तर शंभरातल्या ६३ मागण्या रेंगाळतात! लग्नघरी पंगत शेवटच्या पाहुण्यासाठी खोळंबते, तसंच हे.

मग उपाय काय निघाले? १९८९ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन बर्शाड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रोग्रॅमांची बहुतेक बोलणी यंत्राच्या बाहेर जातच नाहीत. मग दूरगावचे सोपस्कार शेजाऱ्याला कशाला? नेहमीच्या, साध्या निरोपासाठी त्यांनी वेगळी आखूड वाट काढली, आणि काम तिपटीनं वेगात झालं. १९९३ मध्ये जर्मनीतल्या योखेन लीट्के यांनी रखवालदारालाच सडपातळ केलं. तोवर ‘माख’ या नावाजलेल्या प्रणालीचा अनुभव पाहून अनेकांचं मत झालं होतं, की निरोप हे संथच असायचे. लीट्के यांनी एकेका सूचनेचा हिशेब करीत लहान निरोपांचा वेग सुमारे वीस पटींनी वाढवून दाखवला.

तिसरा मार्ग भिंतीला खिडकी पाडण्याचा. स्मृतीचा एक तुकडा दोघांनी सामाईक ठेवायचा. त्यात गोल फिरती जागा आखतात. तिला आपण रहाटगाडगं म्हणू. एकजण गाडगी भरत जातो, दुसरा रिकामी करीत जातो. किती भरली आणि किती उपसली हे दोन आकडे नीट सांभाळले की प्रत्येक निरोपामागं रखवालदाराला हाक मारावी लागत नाही. लंडनच्या एलमॅक्स या वित्तीय बाजारानं २०११ मध्ये खुलं केलेलं ‘डिसरप्टर’ याच तत्त्वावरचं. फरक एवढाच, की तिथं हे रहाटगाडगं एकाच प्रोग्रॅमच्या आतल्या कामकऱ्यांमध्ये फिरतं. २०१९ मध्ये येन्स अॅक्सबो यांनी लिनक्समध्ये आणलेली ‘आयओ-युरिंग’ ही सोयही तशीच; तिथं गाडगी प्रोग्रॅम आणि खुद्द रखवालदार यांच्यात फिरतात.

यातही खाचाखोचा आहेत. आजचे बहुतेक सर्व्हर स्मृती ६४ बाइटांच्या ओळींनी उचलतात. भरणाऱ्याचा आणि उपसणाऱ्याचा आकडा एकाच ओळीत पडला, तर एकच रजिस्टर दोन टेबलांनी खेचत बसावं तसं होतं. म्हणून दोन आकड्यांत मुद्दाम रिकामी जागा सोडतात. शिवाय नवं गाडगं आलं हे कळायचं कसं? डोळे लावून बसलं तर लगेच कळतं, पण मग एक माणूस पूर्ण पगारावर नुसता ट्रेकडं बघत बसतो. झोप काढावी तर जागं व्हायला वेळ जातो. बहुतेक शहाणे थोडा वेळ टक लावतात आणि मग डुलकी घेतात.

आता खरा पेच. एका शाखेतली हकीकत माझ्या कानावर आली होती; शाखेचं नाव नको. अधिकाऱ्यानं पाचशेच्या स्लिपवर मंजुरीची सही केली. स्लिप ट्रेमध्ये पडली, आणि कॅशियरकडं पोचेपर्यंत कोणीतरी आकड्याआधी एक लिहून पाचशेचे पंधराशे केले. अक्षरी रकमेची जागा कोरीच होती. तपासणी चोख झाली होती, पण ती तपासल्यानंतर कागद उघड्यावर होता. त्यावर उपाय जुनाच होता: अक्षरी रकमेशिवाय सही करायची नाही, आणि अधिकाऱ्यानं सही करतानाच रक्कम स्वतःच्या स्क्रोलमध्ये उतरवायची, म्हणजे संध्याकाळी कॅशशी ताळा पडतो. वेळखाऊ खरं, पण चोराची वाट बंद.

सामाईक स्मृतीत नेमकी हीच चोरवाट असते. मी निरोप तपासला आणि वापरायला घेतला, तेवढ्यात शेजाऱ्यानं तो बदलला तर? म्हणून शेजारी खात्रीचा नसेल तर आधी आपली नक्कल करायची आणि नकलेवरच तपासणी करायची. रखवालदाराच्या ज्या नकलांना आपण मघाशी हसलो, त्यांत हे शहाणपण होतं.

हे निव्वळ पुस्तकी भय नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. वेगासाठी पुढचं काम अंदाजानं आधीच उरकून ठेवण्याची प्रोसेसरची सवयच भिंतीपलीकडची गुपितं फोडू शकते, हे त्यातून दिसलं. त्यावरच्या उपायांनी भिंत ओलांडणं पूर्वीपेक्षा महाग झालं. २०२३ मध्ये गूगलनं सांगितलं, की लिनक्सच्या गाभ्यातली छिद्रं शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या त्यांच्या योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के ‘आयओ-युरिंग’मधून होते. कंपनीनं आपल्या कामकाजी सर्व्हरांवर ती सोय बंदच करून टाकली. वेगाची चावी हाती असून तिनं ती खिशात ठेवली.

म्हणजे वळसा वाईट आणि आखूड वाट चांगली, एवढ्यावर भागत नाही. एकाच चमूचे, एकाच विश्वासातले दोन प्रोग्रॅम असतील तर खिडकी जरूर पाडावी. तिथं पाकिटं बांधत बसणं ही विजेची नासाडी आहे. पण एकाच यंत्रात दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची कामं चालतात, किंवा परक्याकडून आणलेला प्रोग्रॅम पैशाच्या नोंदींना हात लावतो, तिथं रखवालदार हवाच, आणि त्याचा पगार उधळपट्टीत मोजू नये. कुठं काय करायचं हे यंत्र ठरवत नाही. हिंजवडीत किंवा बंगळुरात बसलेली पंचवीस-तिशीची मुलं ते ठरवतात, पुष्कळदा अमुक तारखेला काम द्यायचं आहे या घाईत.

त्यातलं कोणी आपल्याच घरातलं असतं. ‘काय करतोस रे नेमकं?’ असं विचारलं की ‘आई, तुला नाही कळायचं’ एवढंच उत्तर मिळतं. या रविवारी जेवताना जरा वेगळं विचारून पाहा: तुझे प्रोग्रॅम शेजाऱ्याशी बोलतात ते गॅलरीतून की टपालानं? आणि गॅलरीतून बोलत असतील, तर शेजारी कोण आहे हे कोणी पाहिलंय? पोरगं क्षणभर घास हातात धरून बघत राहील, आणि मग बहुधा कागद-पेन्सिल मागवून समजावायला बसेल.