सियाचीनमध्ये ड्युटी केलेला बीडचा गडी केनियाला कसा भिडला?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचं पोरगं, बारावीनंतर सैन्यात भरती झालं. महार रेजिमेंट, पोस्टिंग थेट सियाचीनच्या बर्फात. स्पर्धेत पळणं सुरू झालं ते सैन्यातच.

त्याचा खेळ स्टीपलचेस. ३००० मीटर पळताना २८ अडथळे ओलांडायचे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला.

कॉमनवेल्थमध्ये १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच न्यायचा. २०२२ ला अविनाशने रौप्य खेचून आणलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने. पुढच्याच वर्षी एशियन गेम्समध्ये त्याने सुवर्ण मिळवलं.

गरीब घरातल्या खेळाडूला टिकायला आधी महिन्याचा पगार लागतो. अविनाशला तो सैन्याने दिला.