अनुक्रमांक हलता, ओळखक्रमांक अढळ

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू झाली की वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद अशा यवतमाळ जिल्ह्यातील गावांतल्या पेढ्यांवर याद्यांचे काम वाढते. कोणाचा माल किती क्विंटल आला, काटापावती कोणती, चुकारा किती झाला व किती राहिला, या नोंदी पूर्वी लाल वहीत होत. आता त्या बहुधा एक्सेलच्या तक्त्यात होतात. ओळीच्या आरंभी लिहिला जाणारा अनुक्रमांक तेवढा कायम आहे. मात्र वहीतील व संगणकावरील अनुक्रमांकाचा स्वभाव एक नाही.

वहीतील नोंद रद्द केली, तरी रेघ मारलेली ओळ आणि तिचा आकडा डोळ्यांसमोर राहतो. संगणकावर ओळ काढली की ती आकड्यासह नाहीशी होते. आकडे हाताने लिहिलेले असतील, तर चारनंतर एकदम सहा येतो. वरच्या आकड्यात एक मिळवण्याचे सूत्र दिले असेल, तर आधाराची ओळ गेल्यामुळे खालच्या साऱ्या स्तंभात चूक दर्शविणारी खूण उमटते.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीने शेजारणीला न विचारता आपले स्थान स्वतः मोजावे. शीर्षक पहिल्या ओळीत आणि अनुक्रमांक ‘ए’ स्तंभात असेल, तर दुसऱ्या ओळीत =रो()-रो(ए$१) हे सूत्र द्यावे व खालपर्यंत ओढावे. (वाचनाच्या सोयीसाठी सूत्रे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत लिहावीत. ‘रो’ म्हणजे आर, ओ, डब्ल्यू.) या ओळीच्या स्थानातून शीर्षकाचे स्थान वजा करावे, एवढाच त्याचा अर्थ. मधली कोणतीही ओळ काढली, तरी आकडे आपोआप सलग होतात. पुढे शीर्षकाच्या वर पेढीचे नाव घालण्यासाठी ओळ वाढवली, तरीही गणना एकपासूनच राहते.

नवी ओळ मध्ये घातल्यास तिथे सूत्र रिकामे राहते. ते टाळण्यासाठी आधी यादी निवडून कंट्रोल व टी या कळा एकत्र दाबाव्यात आणि तिचे ‘टेबल’ करावे. नंतर रिकाम्या अनुक्रमांक स्तंभात सूत्र लिहावे. मग नव्या ओळीत ते आपोआप येते.

फिल्टर लावून केवळ थकबाकीदार पाहिले, तर मात्र हे आकडे तुटक दिसतात. दिसणाऱ्या नावांचीच गणना हवी असेल आणि नावे ‘बी’ स्तंभात असतील, तर =सबटोटल(३,बी$१:बी२)-१ हे सूत्र वापरावे. यात शीर्षकही मोजले जाते, म्हणून एक वजा केला आहे. नावाचा रकाना मात्र कोठेही रिकामा नसावा.

येथवर सोय झाली. खरी दक्षता पुढे आहे. समजा, यादीत सदतिसाव्या क्रमांकावर असलेल्या शेतकऱ्याचा चुकारा उद्या द्यावयाचा आहे, म्हणून मुनीमजींनी चिठ्ठीवर केवळ ‘३७’ लिहून ठेवले. संध्याकाळी कोणी वरची एक दुबार ओळ काढली. सकाळी ३७ वर दुसराच शेतकरी उभा! सूत्राने आपले काम चोख केले. चूक झाली ती स्थानाच्या आकड्याला माणसाची ओळख मानण्यात. यादी नावाच्या क्रमाने लावली, तरी हेच घडते.

म्हणून यादीत दोन स्वतंत्र स्तंभ असावेत. अनुक्रमांक सूत्राचा असावा आणि मोजणीपुरताच वापरावा. खाते क्रमांक, काटापावती क्रमांक वा बीजक क्रमांक हाताने लिहावा आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नये.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ४६ नुसार बीजकाचा क्रमांक सलग, सोळा चिन्हांपेक्षा मोठा नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. रद्द झालेल्या बीजकांची संख्या जीएसटीआर-१ विवरणपत्रात दाखवावी लागते; त्यामुळे रद्द बीजकाची ओळ काढून न टाकता तिच्यापुढे ‘रद्द’ असे लिहावे. नियम ५६ प्रमाणे हिशेबातील नोंद पुसता येत नाही, आणि हिशेब संगणकावर असल्यास बदललेल्या व काढलेल्या प्रत्येक नोंदीचा मागोवा राखावा लागतो. साध्या एक्सेल फाइलवर तो आपोआप राहील असे गृहीत धरू नये. तिचा उपयोग कामाच्या यादीसाठी करावा. मूळ हिशेब असा मागोवा ठेवणाऱ्या लेखा-प्रणालीत असावा.

पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना सूत्र शिकण्यास पाच मिनिटे पुरतात. त्याबरोबरच कोणता आकडा हलू द्यावा आणि कोणता कधीही हलू देऊ नये, हेही वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावून द्यावे.