पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणे

‘पश्चात्ताप’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे जिवाची होरपळ. चूक घडून जाते आणि मग मन पोळते, एवढेच हा शब्द सांगतो. बायबलातील मूळ शब्दांचा रोख जरा निराळा आहे. जुन्या करारातील हिब्रू शब्द ‘शूव’ म्हणजे मागे फिरणे. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. वाट चुकलेला वाटसरू नुसता हळहळत बसला, तर घरी पोचेल का? त्याला माघारी वळून चालूच लागले पाहिजे. ख्रिस्ती जीवनात खरे महत्त्व आहे ते या वळण्याला.

लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात जक्कयाची गोष्ट आहे. हा यरीहो गावचा मुख्य जकातदार. जकातदार रोमी सत्तेसाठी कर वसूल करीत आणि ठरल्याहून जास्त उकळीत. म्हणून लोक त्यांना पापी समजत. येशू गावातून चालला होता, पण जक्कय पडला ठेंगणा. गर्दीत त्याला काही दिसेना. तेव्हा हा श्रीमंत माणूस पुढे धावत गेला आणि पोरासारखा झाडावर चढला. मराठी बायबलात हे झाड उंबराचे आहे. लोक हसतील याची त्याने पर्वा केली नाही. नम्रतेचा आरंभ तेथेच झाला.

येशू त्याच्या घरी उतरला. जक्कय रडला, असे तेथे लिहिलेले नाही. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल, त्याला चौपट परत करीन म्हणाला. मोशेच्या नियमशास्त्रात, आपण होऊन कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा, असे आहे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले, तर मात्र एकास चार द्यावी लागत. जक्कयाने सवलत मागितली नाही; चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. पण क्रम ध्यानात घ्या. येशू आधी घरी आला, परतफेड मागाहून झाली. क्षमा विकत घेता येत नाही; ती मिळाली, की मूठ आपोआप सैल होते.

आता हे आपल्या गावात आणून पाहा. एखाद्याने शेजाऱ्याचा बांध दर साली वीतभर कोरला. रविवारी चर्चमध्ये त्याचे डोळे भरून आले, हे चांगलेच झाले. पण सोमवारी बांध जागेवर गेला नाही, तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडले? किंवा गुरुजींनी भर वर्गात एका मुलावर चोरीचा आळ घेतला आणि तो खोटा ठरला. मुलाला बाजूला घेऊन ‘झालं गेलं विसर, बाळ’ म्हटल्याने भागत नाही. आळ भर वर्गात घेतला, तर तो भर वर्गातच मागे घ्यायला हवा. त्यासाठी जे बळ लागते, त्याचेच नाव नम्रता.

नम्रता म्हणजे स्वतःला उठताबसता पामर म्हणणे नव्हे. लूकच्या 18व्या अध्यायात परूशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला येतात. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देई. हे काही वाईट नव्हे. पण त्याने स्वतःला मोजले ते शेजारच्या माणसाशी. जकातदार दूर उभा राहिला आणि फक्त दया मागितली. येशूच्या मते देवापुढे नीतिमान ठरला तो हा दुसरा. मात्र जपा हं! ‘मी काही त्या परूश्यासारखा नाही’ असे आपण म्हटले, की आपणच परूशी झालो.

रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचारा: आज मी कोणाचे काय घेतले? ते परत कसे करीन? आणि केव्हा? घेतलेली वस्तू पैसाच असेल असे नाही. कोणाची अब्रू असेल, कोणाचा हक्काचा वेळ असेल. मग त्या माणसाकडे जा आणि ‘माझं चुकलं’ एवढेच म्हणा. त्यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण’ म्हटले, की वळलेले पाऊल पुन्हा जुन्या वाटेला लागते.